हिरव्या ढेकणाचे गोत्र

तुरीच्या किंवा सोयाबीनच्या शेंगेवर बसलेला हिरवा ढेकूण ओळखायला कोणाला पुस्तक लागत नाही. दीड सेंटिमीटरच्या आसपास लांबी, रुंद खांद्यांचे चपटे अंग, पानात मिसळून जाणारा हिरवा रंग आणि डिवचल्याबरोबर सुटणारा उग्र वास, एवढ्यावर शेतातले काम भागते. मग नेझारा विरिड्युला या एकाच जातीच्या शरीररचनेवर आणि वर्गीकरणावर इतकी पाने कशाला, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर सुरुवातीलाच दिलेले बरे. या कीटकाचे जे सहज दिसते ते त्याच्या नात्यागोत्याविषयी फार थोडे सांगते, आणि जे सांगते ते सहज दिसत नाही. माझी भूमिका अशी की वर्गीकरण हे मुळात एक भाकीत असते. दोन कीटकांना आपण एका कुलात बसवतो तेव्हा त्यांच्या ज्या गोष्टी अजून कोणी पाहिलेल्या नाहीत त्यांतही साम्य सापडेल, असा दावा करत असतो. त्यांच्या आतड्यांची ठेवण, त्यांच्या अंड्यांवर येणारे शत्रू, त्यांच्या वासातली रसायने या सगळ्यांबाबत तो दावा लागू असतो. रंगावरून केलेले गट या कसोटीवर कोसळतात. अवयवांच्या बारीक रचनेवरून केलेले गट बऱ्याच अंशी टिकतात. 'बऱ्याच अंशी' म्हणजे नेमके किती आणि कुठपर्यंत, हे तपासणे हाच या लेखनाचा हेतू आहे.

रंगाची फसवणूक जुनी आहे. लिनीयसने 1758 साली 'सिस्टेमा नॅचुरी'च्या दहाव्या आवृत्तीत या कीटकाला सायमेक्स विरिड्युलस असे नाव दिले आणि तो राहतो कुठे, तर 'इंडिज'मध्ये, एवढी मोघम नोंद केली. अंथरुणातला ढेकूणही त्याच सायमेक्स प्रजातीत होता. सोंडेने रस किंवा रक्त शोषणारे चपटे कीटक एका पोत्यात भरायचे, इतकेच त्या काळच्या माहितीत शक्य होते. लिनीयसचा शिष्य फॅब्रिसियस याने 1775 मध्ये आणखी दोन नावे दिली. अंगभर हिरवा तो सायमेक्स स्मॅराग्ड्युलस, आणि डोके व खांद्याची पुढची कड पिवळट पांढरी असलेला तो सायमेक्स टॉर्क्वाटस. पुढे नारिंगी, ठिपकेदार अशा आणखी रूपांना नावे मिळत गेली. संग्रहालयाच्या पेटीत टाचणीला टोचलेले हे नमुने शेजारी शेजारी ठेवले तर ते वेगळ्या जातींचे आहेत असे कोणालाही वाटेल, तेव्हा फॅब्रिसियसला दोष देण्यात अर्थ नाही. मेलेल्या नमुन्याला आई-बाप विचारता येत नाहीत. निकाल लागला तो जिवंत किडे पाळून. जपानमध्ये युकावा आणि किरितानी यांनी 1965 साली या रूपांचा आढावा घेतला. त्यानंतरच्या संकरांतून ती सारी एकाच जातीतली आनुवंशिक रूपे असल्याचे दिसले, आणि एकाच मादीच्या अंड्यांतून निरनिराळी रूपे निघू शकतात हेही. थंड हवेच्या प्रदेशात तर एकाच किड्याचा रंग बदलतो. दिवस लहान होऊ लागले की प्रौढ किडा सुप्तावस्थेत जातो, तांबूस तपकिरी होतो आणि वसंतात पुन्हा हिरवा होतो.

यावर कोणी म्हणेल, रंगरूप आनुवंशिक आहे असे तुम्हीच सांगता, मग तो वर्गीकरणाचा पुरावा का नाही? कारण आनुवंशिक असणे वेगळे आणि जातीची सीमा दाखवणे वेगळे. पिवळी मान एका वंशरेषेची खबर देते, पण त्या वंशरेषा शेजारच्या हिरव्या वंशरेषांत दर पिढीला मिसळत असतात. सीमा दाखवायला असे लक्षण हवे जे जातीच्या आत फारसे हलत नाही आणि जातीबाहेर गेले की हटकून बदलते. अशी लक्षणे या किड्यात आहेत. फक्त त्यातली बरीचशी त्याच्या पोटाकडच्या बाजूला आहेत, आणि छायाचित्रे नेहमी पाठीची निघतात.

किडा उलटा करून पाहा. मागच्या पायांच्या मुळाशी, वक्षाच्या बाजूला, गंधग्रंथीचे छिद्र असते आणि त्यापासून एक छोटी पन्हळ बाहेर निघते. नेझारा विरिड्युलात ही पन्हळ आखूड, रुंद आणि टोकाला बोथट असते. उत्तर अमेरिकेतला चिनाविया हिलॅरिस हा दुसरा हिरवा ढेकूण पाठीवरून जवळजवळ असाच दिसतो, पण त्याची पन्हळ लांब असते आणि वक्षाच्या बाजूच्या पट्टाची अर्धी रुंदी ओलांडून जाते. पोटाच्या मुळाशी, मागच्या पायांच्या मधोमध, चिनावियात पुढे रोखलेला टोकदार काटा असतो. नेझारात त्या जागी बोथट उंचवटा असतो. पाठीवर मदत करणारी खूण एकच, आणि तीही बारीक: दोन पंखांच्या मुळांमधल्या त्रिकोणी पट्टाच्या पुढच्या कडेवर ओळीने तीन फिकट ठिपके आणि दोन्ही कोपऱ्यांत एकेक काळा ठिपका. शेवटचा शब्द मात्र नराच्या जननखंडाचा. त्या खंडाची कड, आतले आकडे आणि शिस्नाच्या कठीण भागांची घडण पाहिल्याशिवाय नेझारा प्रजातीतल्या आफ्रिकी जाती एकमेकींपासून खात्रीने वेगळ्या करता येत नाहीत. जननेंद्रियांवर कीटकशास्त्रज्ञांची इतकी भिस्त का, याची चेष्टा नेहमी होते. कारण साधे आहे: जवळच्या जातींतही हे भाग झपाट्याने बदललेले आढळतात आणि एका जातीच्या आत त्यांची घडण बरीच स्थिर राहते.

पण एकाच लक्षणावर विसंबण्याचा मोह येथेही घातक ठरतो. पेंटॅटोमिडी हे कुल लीचने 1815 मध्ये मांडले, आणि त्याच्या नावातले 'पाच' म्हणजे शृंगिकेचे पाच खंड. मूळ चार खंडांपैकी दुसरा खंड दुभागून हे पाच होतात. पिलांच्या शृंगिकेला चारच खंड असतात. लक्षण छान आहे, पण ते या कुलाचे एकट्याचे नाही. अंगभर चकाकणाऱ्या स्क्युटेलेरिडी कुलातही पाच खंड असतात, आणि जमिनीत उकरणाऱ्या सायडनिडींतही सहसा पाचच. पाठीवरच्या त्रिकोणी पट्टाचेही तसेच. स्क्युटेलेरिडीत तो वाढून सगळे उदर झाकतो, नेझारात उदराच्या मध्याच्या आसपास थांबतो, म्हणून मोठा पट्ट हे स्क्युटेलेरिडींचे लक्षण मानावे असे वाटते. पण भातावरचा काळा ढेकूण स्कॉटिनोफारा पेंटॅटोमिडीतला असूनही त्याचा पट्ट जिभेसारखा लांबरुंद वाढलेला असतो. पाठ झाकणे ही गरज वेगवेगळ्या घराण्यांना स्वतंत्रपणे भासली आणि प्रत्येकाने तोच उपाय काढला. त्यामुळे कुल ठरवताना पट्टाची लांबी, पायाच्या टोकाचे खंड (नेझारात प्रौढाला तीन, पिलाला दोन), पंखांच्या शिरा आणि पोटावरचे विशिष्ट केस यांची एकत्र गोळाबेरीज करावी लागते. हे केस दिसायला क्षुल्लक आहेत. उदराच्या तिसऱ्या ते सातव्या खंडावर खालच्या बाजूला, श्वासरंध्रांजवळ, हवेची हालचाल टिपणारे बारीक संवेदी केस जोडीजोडीने उगवतात. त्यांच्यासारख्या आडवळणाच्या लक्षणांच्या आधारे लेस्टन, पेंडरग्रास्ट आणि साउथवुड यांनी 1954 साली जमिनीवरच्या ढेकणांची विभागणी केली आणि पेंटॅटोमोमॉर्फा हा गट उभा केला. तो आजही टिकून आहे. अंथरुणातला ढेकूण त्याच विभागणीत दुसऱ्या गटात गेला. लिनीयसच्या पोत्यातून ही दोन माणसांना नकोशी मंडळी अशी कायमची वेगळी निघाली.

वासाचा मुद्दा थोडा सविस्तर घ्यायला हवा, कारण शरीररचना आणि जगणे येथे फार सुरेख जुळतात. प्रौढ किड्याची गंधग्रंथी वक्षात असते आणि पोटाकडच्या बाजूला उघडते. छिद्राभोवतीचा पृष्ठभाग चकचकीत नसून मळकट, खडबडीत असतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो छोट्या छोट्या छत्र्यांनी भरलेला दिसतो. बाहेर आलेला द्रव या छत्र्यांमध्ये पसरतो, अंगावर ओघळत नाही आणि सावकाश उडतो. पिलांच्या ग्रंथी मात्र पाठीवर, उदराच्या मध्यरेषेवर उघडतात. पिलांना पंख नसल्याने पाठ मोकळी असते. पंख फुटल्यावर तीच पाठ झाकली जाते आणि तेथून सोडलेला वास पंखांखालीच अडकला असता, म्हणून प्रौढात काम वक्षातल्या ग्रंथीकडे येते. द्रवातली काही अल्डिहाइडे कोथिंबिरीच्या वासातही सापडतात. डेसेनाल हे त्यातले ठळक नाव. कोथिंबीर कुस्करल्यावर काही जणांना ढेकूण का आठवतो, याचे उत्तर केवळ त्यांच्या नाकात नसून रसायनशास्त्रातही आहे. पिलांच्या पाठीवर ग्रंथी आणि प्रौढांच्या वक्षात ग्रंथी, ही मांडणी हेटेरोप्टेरा या अख्ख्या उपगणात फार दूरवर पसरलेली आहे. लात्रेयने 1810 साली हा उपगण मुख्यतः पंखांवरून मांडला, अर्धा चिवट आणि अर्धा पारदर्शक असा तो पंख. ग्रंथींचा तपशील नंतर मिळत गेला आणि त्याच मांडणीत बसत गेला. भाकीत खरे ठरणे म्हणतात ते हे.

सोंडेचेही असेच. बाहेरून दिसणारी चार खंडांची सोंड म्हणजे केवळ म्यान, ती शेंगेत शिरत नाही. आत शिरतात चार सुयांसारखे शूक. बाहेरचे दोन चिरत जातात, आतले दोन एकमेकांत अडकून दोन नळ्या तयार करतात, एकीतून लाळ खाली आणि दुसरीतून विरघळलेला दाणा वर. लाळेतली विकरे दाण्याच्या पेशी फोडतात, म्हणून सोयाबीनचे दाणे सुरकुततात, शेंगा पोचट राहतात, आणि दाणे न भरल्यामुळे पाने पिकायच्या वेळीही हिरवी राहू शकतात. वनस्पतींच्या तीसहून अधिक कुलांवर हा किडा जगतो. त्याच्या यशाचे गुपित खाण्याच्या या पद्धतीत आहे, रंगात नव्हे.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. शेतकऱ्याला हिरवा ढेकूण दिसला की तो फवारतो, त्याला शूक आणि पन्हळीशी काय देणेघेणे? देणेघेणे आहे, आणि ते पैशांचे आहे. याच पेंटॅटोमिडी कुलात असोपिनी नावाचे उपकुल आहे आणि त्यातले ढेकूण अळ्या खातात. भारतात आढळणारा इओकँथेकोना फर्सेलाटा पाने खाणाऱ्या अळ्यांत शूक खुपसून त्यांना शोषून घेतो. तो मित्रकीटक आहे, पण घाईत पाहणाऱ्याला तोही एक ढेकूणच. फरक सोंडेत दिसतो: भक्षक ढेकणाची सोंड जाड असते आणि तिचा पहिला खंड मोकळा असल्याने ती पुढे ताणता येते. रस शोषणाऱ्यांची सोंड सडपातळ असते आणि डोक्याच्या खालच्या बाजूला चिकटून बसते. हा फरक दहापट मोठे दाखवणाऱ्या साध्या भिंगातून दिसतो. तो न पाहता सरसकट फवारणी केली तर आपण आपलाच राखणदार मारतो.

दुसरे उदाहरण हवाई बेटांचे, आणि ते अधिक गुंतागुंतीचे असल्यामुळे मला जास्त मोलाचे वाटते. हिरव्या ढेकणाच्या अंड्यांत आपली अंडी घालणारी ट्रिसोल्कस बासालिस ही चिमुकली गांधीलमाशी 1933 साली इजिप्तमधून ऑस्ट्रेलियात नेण्यात आली आणि तिने बऱ्यापैकी काम केले. हवाईत हा ढेकूण 1961 मध्ये आढळला आणि त्याच दशकात तेथेही ही गांधीलमाशी सोडली गेली, सोबत प्रौढ ढेकणांवर अंडी घालणारी ट्रायकोपोडा पिलिपेस ही माशीही. हवाईत कोआ झाडावरचा एक देखणा स्थानिक ढेकूण आहे, कोलिओटायकस ब्लॅकबर्नी. तो पेंटॅटोमिडीतला नाही, स्क्युटेलेरिडीतला आहे. पण ही दोन कुले एकाच महाकुलातली, पेंटॅटोमॉयडिया, आणि दोन्हींची अंडी पानावर पुंजक्याने चिकटवलेली असतात. बाहेरून आणलेल्या दोन्ही शत्रूंनी या स्थानिक ढेकणालाही गाठले. त्याची संख्या घटली तेव्हा बोट अर्थातच त्यांच्याकडे गेले. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सविस्तर अभ्यासाने चित्र थोडे बदलले: अंड्यांवरच्या गांधीलमाशीचा वाटा मर्यादित निघाला, माशीचा प्रादुर्भाव बहुतेक ठिकाणी नगण्य पण मोजक्या ठिकाणी जबर होता, आणि अपघाताने आलेल्या मुंग्या व कोळ्यांचेही नुकसानीत मोठे माप होते. तेव्हा ही गोष्ट जैविक नियंत्रणाविरुद्धचा सरधोपट खटला म्हणून सांगू नये. पण वर्गीकरणाने आधीच काय सांगितले असते ते पाहा. हवाईतल्या हजारो स्थानिक कीटकांपैकी धोका कोणाला संभवतो, हे नातेसंबंधांवरून आधीच लिहून ठेवता आले असते. रंगावरून यादी केली असती तर हा ढेकूण तिच्यात आलाच नसता.

उरला तो आजचा आक्षेप: डीएनए वाचता येतो, मग केस आणि काटे मोजत कशाला बसायचे? हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. नेझारा विरिड्युलाचा प्रवास उलगडला तो डीएनएनेच. हा किडा मूळचा पूर्व आफ्रिकेतला असावा असे हॉक्कानेन यांनी 1986 मध्ये त्याच्या परजीवींवरून आणि रंगरूपांच्या विविधतेवरून मांडले होते. 2006 मध्ये स्लोव्हेनियातल्या संशोधकांनी युरोप, जपान, अमेरिका आणि बोत्स्वाना येथल्या नमुन्यांची तुलना केली तेव्हा बोत्स्वानाचे नमुने बाकी सगळ्यांपासून स्पष्टपणे वेगळे पडले, आणि आफ्रिकी उगमाला बळ मिळाले. शरीरात असा फरक कोणी दाखवला नव्हता. तेव्हा रचना हा अंतिम शब्द नाही, हे खरेच. पण डीएनएच्या क्रमाला नाव कोण देते? ज्या नमुन्याचा तो क्रम आहे तो कोणीतरी आधी भिंगाखाली, जननखंड सोडवून ओळखलेला असतो. ती ओळख चुकली तर ती चूक डेटाबेसमध्ये जाऊन बसते आणि पुढे प्रत्येक यंत्र तिची पुनरावृत्ती करते.

शिवाय डीएनएने वेगळेपण दाखवले तरी 'मग या दोन जाती का?' हा प्रश्न तो एकटा सोडवत नाही. तेथे पुन्हा शरीराकडे यावे लागते, पण आता त्याच्या हालचालीकडे. हे किडे एकमेकांना झाडाच्या देठातून हाका मारतात. उदराच्या पहिल्या दोन खंडांची पाठ जोडली जाऊन झालेली पट्टी स्नायूंनी हलवली जाते, सुमारे 100 हर्ट्झची थरथर पायांतून देठात उतरते, आणि दुसरा किडा ती पायांतल्या संवेदी अवयवांनी टिपतो. नराच्या आकर्षक गंधात बायसाबोलीन इपॉक्साइडची दोन रूपे असतात आणि त्यांचे प्रमाण देशोदेशीच्या किड्यांत वेगवेगळे भरते. हाकांचा तालही प्रदेशागणिक बदलतो, आणि परक्या प्रदेशातल्या मादीच्या हाकेला नर कमी प्रतिसाद देताना आढळले आहेत. जपानमध्ये तर हा प्रश्न उघड्यावर आला आहे. तेथे नेझारा अँटेनाटा ही जवळची जात मूळची आहे. हवा तापत गेली तशी विरिड्युला उत्तरेकडे सरकली, दोघांची गाठ पडली, मीलनही होते, पण त्यातून प्रजा होत नाही. म्हणजे या दोघांमधली सीमा पक्की आहे, आणि विरिड्युलाच्या आतल्या प्रादेशिक गटांमधली अजून घडत आहे. दोन्ही एकाच मोजपट्टीने मोजणे चूक ठरेल.

शरीररचनेची प्रत्येक गोष्ट नाते सांगते, असा उलट अतिरेकही टाळायला हवा. नेझाराच्या मध्य आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात ओळीने पिशव्या असतात आणि त्यांत जीवाणू राहतात. मादी अंड्यांवर ते चोपडते, आणि अंड्यातून निघालेली पिले पहिल्या अवस्थेत काहीही न खाता टरफलांच्या पुंजक्यावर बसून ते शोषून घेतात. प्लॅटास्पिडी कुलात ढेकूण आणि त्यांचे जीवाणू यांच्या वंशावळी जुळताना दिसतात. पेंटॅटोमिडीत तशा जुळत नाहीत, जीवाणू मधूनमधून बदलले गेलेले आहेत. पिशव्या वारशाने आलेल्या, त्यातले भाडेकरू बाहेरून आलेले.

म्हणून पुढच्या प्रकरणांची मांडणी नेहमीच्या क्रमाने केलेली नाही. सुरुवात पोटाकडच्या बाजूपासून आहे: आधी गंधछिद्र, मग पोटाच्या मुळाशी असलेला उंचवटा, मग सोंड, आणि त्यानंतर जननखंड. पाठ, पंख आणि रंग शेवटच्या प्रकरणात आहेत. वाचताना हाताशी एक मृत नमुना, एक भिंग आणि टाचणी असेल तर उत्तम. नमुना उलटा चिकटवावा आणि मागचे पाय बाजूला सारावेत, नाहीतर पन्हळ झाकली जाते. नर हाती आला तर जास्त सोयीचे. उदराच्या शेवटी एकसंध वाटीसारखा खंड दिसला तर तो नर, लहान पट्ट्यांची जोडणी दिसली तर मादी.